पाठीमागचा तडा

तळघरातली तोफ अठरा मीटर लांब आहे
आणि कागदोपत्री तिला कुणी तोफ म्हणत नाही.
ओटमार तिला म्हातारी म्हणतो.
आज म्हातारीला सर्दी झालीय:
निर्वात नळीत कुठूनतरी हवा शिरतेय,
आणि तो रबरी कड्यांवर बोटाने वंगण फिरवत
एकेक सांधा कान लावून ऐकतोय.

वर फ्रायबुर्ग, डिसेंबर, सायकलींच्या सीटवर बर्फ.
खाली आम्ही तिघं, आणि क्वार्ट्झची एक चकती,
पाच मिलिमीटर जाड.
अडीच आठवडे घासलीय त्याने ती.
अशा दोन चकत्या एकमेकींवर ठेवल्या
तर सुटताना रुसतात.

टाकीचे घाव सोसून दगडाला देवपण येतं म्हणतात.
पण टाकीला सवड असते.
एक घाव, मग दुसरा,
मधे घडवणाऱ्याचा श्वास.
इथे मधे काही नाही.
दगडाला कडेला सरकायची सोय नाही,
आणि पुढच्या कणाला मागच्याने सांगावं,
येतंय, सांभाळ,
तर निरोप चालतो आवाजाच्या वेगाने
आणि मार त्याच्याही आधी पोचतो.

गाबी उलटे आकडे मोजते.
दार बंद. दिवा लाल.
मग छातीत एक धप्प,
जणू वरच्या मजल्यावर कुणी कपाट पाडलं.
झालं.
सेकंदाचे दहा लाख तुकडे करा,
त्यातला एकही पुरता खर्ची पडला नाही.

पडद्यावर रेघ उगवते.
आधी एक लहानशी पायरी:
इथवर दगड म्हणत होता,
सोसतो, आणि होतो पुन्हा होता तसा.
पायरीनंतर तो तसं म्हणत नाही.
रेघ सरळ वर, तीन लाख वातावरणांचं ओझं,
आणि मग, शेवटी, एक बारीक खळगा.
मी त्याच खळग्यासाठी इथे पगार घेते.

कारण लाट दगडातून पार जाते दाबत दाबत,
मागच्या मोकळ्या कडेला पोचते,
तिथे पुढे कुणीच नसतं,
म्हणून परत फिरते;
आणि परतताना ती दाबत नाही, ओढते.
ठोका समोरून बसतो.
दगड तुटतो पाठीकडून.

ओटमारचं गाव नोर्डलिंगनजवळ,
दीड कोटी वर्षांपूर्वी आकाशातून पडलेल्या
एका ठोक्याच्या खड्ड्यात.
तिथल्या चर्चच्या दगडात धुळीएवढे हिरे आहेत.
हे शाळेत शिकवतात,
मग पोरं कंपासने भिंत खरवडत बसतात.
त्यानेही खरवडली होती. क्रेसेंझनेही.
तिला मिळाला होता एक, असं ती शेवटपर्यंत सांगायची.
काचेचा कपचा असणार, तो म्हणतो.

ती मार्चमध्ये गेली, गुरुवारी.
सोमवारी तो सात वाजता कामावर.
आम्ही कॉफी दिली, त्याने प्यायली,
सहाण लावली, पाणी सोडलं,
चकती नेहमीसारखी सपाट.
केवढा खंबीर, गाबी म्हणाली,
आणि मीही मान हलवली,
मी, जी दिवसभर रेघेच्या शेवटाकडे बघते.

नोव्हेंबरात एका दुपारी
त्याच्या हातून चार मिलिमीटरचा स्क्रू पडला.
गडगडत म्हातारीखाली गेला.
तो गुडघ्यांवर बसला शोधायला
आणि उठलाच नाही बराच वेळ.
स्क्रू माझ्या पायाशीच होता.
मी तो उचलला नाही, त्याला दिला नाही,
दिवा मालवून वर गेले.
बरं केलं की वाईट, अजून कळत नाही.

आता तो नळीत फडका घालून काजळी काढतोय.
टाकीतून चकतीचे तुकडे वेचून ट्रेमध्ये मांडतोय;
मोठा तुकडा मागच्या बाजूचा,
पातळ, जवळजवळ अख्खा,
पापुद्र्यासारखा सुटलेला.
उजेडाकडे धरतो. फुंकर मारतो.

किती, विचारतो.
मी खळग्याची खोली वाचून दाखवते.
तो पेन्सिलीला टोक करून वहीत आकडा लिहितो,
तारीख, चकतीचा नंबर,
आणि शेऱ्याच्या रकान्यात:
तिसऱ्या सांध्यातून अजून हवा येते.